वॉल वाचणाऱ्या साधनाचा पॅच आणि त्यावर आलेला रिव्ह्यू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्टग्रेसक्यूएल या ओपन सोर्स डेटाबेसमध्ये पहिला पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांची फाइल, पाठवताना बरेच जण वॉल वाचणाऱ्या साधनांपासून सुरुवात करतात. तिथला कोड आवाक्यातला असतो आणि केलेला बदल लगेच डोळ्यांना दिसतो. पुढे तो पॅच तपासणाऱ्याचा आठ-दहा मुद्द्यांचा रिव्ह्यू येतो आणि तिथेच काम अडतं. कोड लिहिणं जमलेलं असतं, पण उत्तर लिहिणं कुणी शिकवलेलं नसतं. मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

वॉल म्हणजे काय? आणि ते वाचायला वेगळं साधन का लागतं?

पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असतात. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिहायचा, खात्यांवर सवडीने चढवायचा. पोस्टग्रेसचा राइट-अहेड लॉग, म्हणजे वॉल, ही डेटाबेसची रोजकीर्द. २००१ साली आलेल्या ७.१ आवृत्तीपासून ती आहे. टेबलाच्या फाइलमधलं पान डिस्कवर नंतर जातं, पण त्या बदलाची नोंद आधी वॉलमध्ये पक्की होते. मधेच वीज गेली तर सर्व्हर उठल्यावर शेवटच्या चेकपॉइंटपासून (जिथवरचे बदल खात्यांवर चढलेले असतात ती खूण) ही रोजकीर्द पुन्हा वाचतो आणि खाती जुळवून घेतो.

वॉलच्या फाइली बायनरी असतात, एरवी प्रत्येकी १६ एमबीच्या. त्या वाचण्यासाठी दोन साधनं आहेत. पीजी-वॉलडम्प कमांड लाइनवर चालतं. २०१३ च्या ९.३ आवृत्तीत ते पीजी-एक्सलॉगडम्प या नावाने आलं. दुसरं पीजी-वॉलइन्स्पेक्ट, २०२२ च्या १५ व्या आवृत्तीतलं एक्स्टेन्शन, म्हणजे सर्व्हरला जोडायचा भाग. त्यात तीच माहिती एसक्यूएलमधून मिळते.

नाव बदलण्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. ज्या डिरेक्टरीत वॉल असतं तिचं नाव पूर्वी पीजी-एक्सलॉग होतं. डिस्क भरली की लोक 'लॉगच तर आहेत' असं म्हणून ती रिकामी करायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे. २०१७ मध्ये, १० व्या आवृत्तीत, ते नाव पीजी-वॉल झालं, आणि वर सांगितलेलं साधनही पीजी-वॉलडम्प झालं. रिव्ह्यूमध्ये कुणी तुमच्या फंक्शनच्या नावावर तीन परिच्छेद लिहिले, तर ही हकिगत आठवा.

रिव्ह्यूत अकरा मुद्दे आले आहेत. सुरुवात कुठून करू?

त्याच दिवशी उत्तर लिहू नका. आधी सगळं एकदा वाचा, मग मुद्दे वेगळे करा. काही मुद्दे साधन खोटं बोलतंय असं सांगणारे असतात : चुकीची लांबी, चुकीची टाइमलाइन, मधलं एखादं रेकॉर्ड (वॉलमधली एक नोंद) सुटणं. काही वागणुकीबद्दल असतात : इथे एरर द्यायची की शून्य ओळी? बाकीचे टेस्ट, डॉक्युमेंटेशन आणि मांडणीचे. नवखा माणूस हमखास शेवटच्या गटापासून सुरू करतो, कारण ते सोपे असतात. मग नव्या आवृत्तीत सगळ्या स्पेस नीट झालेल्या असतात आणि मूळ चूक तशीच असते. पहिल्या गटापासून सुरू करा. तिथे रचनाच बदलली तर खालच्या निम्म्या मुद्द्यांचा प्रश्न उरत नाही. स्पेस आणि टॅबसाठी पीजी-इंडेंट आहे, ते शेवटी एकदा चालवायचं.

प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर हवंच का? कोड बदलला तर पुरे नाही का?

हवंच. या पानावरची हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे.

माझ्या एका सुरुवातीच्या पॅचला सात मुद्दे आले होते. मी नवी आवृत्ती जोडली आणि लिहिलं, 'सगळं केलं आहे.' सहा केले होते. सातवा मला नीट कळलाच नव्हता. मला वाटलं तसा बदल मी केला आणि तो चुकीचा होता. रिव्ह्यूअरने विश्वासाने तो भाग पुन्हा पाहिला नाही. महिन्याभराने दुसऱ्या कुणाच्या तरी तो लक्षात आला. तोपर्यंत त्यावर अजून दोन बदल चढले होते.

तेव्हापासून मी प्रत्येक मुद्द्याखाली तीन गोष्टी लिहितो : मला मुद्दा काय समजला, काय बदललं, आणि ते बरोबर आहे हे कसं पाहिलं. तिसरी सगळ्यात मोलाची. 'केलं' आणि 'चेकपॉइंट घेतला, एक ओळ अपडेट केली, पानाची पूर्ण प्रत असलेलं रेकॉर्ड आलं, त्याची लांबी वॉलडम्पशी ताडून पाहिली, जुळली' या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण जे साधन लिहितो आहोत त्याचं कामच मुळी लॉगमध्ये आहे ते जसंच्या तसं सांगणं हे आहे. ते साधन लिहिणाऱ्याच्या उत्तरालाही तीच कसोटी लागू.

रिव्ह्यूअर विचारतो, 'आकड्यांऐवजी टेबलाचं नाव का दाखवत नाही?' काय उत्तर देऊ?

हा प्रश्न रास्त आहे. वॉलडम्पमध्ये 'रिलेशन' म्हणून तिरक्या रेघांनी तोडलेले तीन आकडे दिसतात : टेबलस्पेसचा, डेटाबेसचा आणि फाइलचा. पहिला बहुतेक वेळा १६६३ असतो, कारण तो पीजी-डिफॉल्ट या टेबलस्पेसचा ओआयडी, म्हणजे अंतर्गत क्रमांक आहे. माणसाला हे आकडे काही सांगत नाहीत. म्हणून नवा माणूस उत्साहाने नाव दाखवायचा पॅच लिहितो.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, पीजी-वॉलडम्प सर्व्हरशी बोलतच नाही. सर्व्हर बंद पडलेला असतानाही ते चालायला हवं, किंबहुना तेव्हाच त्याची खरी गरज असते. टेबलांची नावं कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या माहितीच्या टेबलांत, असतात आणि कॅटलॉग वाचायला चालू सर्व्हर लागतो. शिवाय रेकॉर्डचं वर्णन छापणारा कोड सर्व्हर आणि वॉलडम्प या दोघांत तोच वापरला जातो. त्यात कॅटलॉग वाचणारी एक ओळ घातली की वॉलडम्पचं बिल्डच मोडतं.

पीजी-वॉलइन्स्पेक्ट तर सर्व्हरच्या आतच चालतं, मग तिथे काय हरकत आहे, असं पुढे विचारलं जातं. इथे दुसरी, जास्त खोल अडचण येते. वॉलमधला तिसरा आकडा हा फाइलचा आहे, टेबलाचा कायमचा ओळख क्रमांक नव्हे. ट्रंकेट, व्हॅक्यूम फुल, क्लस्टर, काही प्रकारचे ऑल्टर टेबल यांनंतर त्याच टेबलाला नवी फाइल मिळते. कालच्या रेकॉर्डमधला आकडा आजच्या कॅटलॉगमध्ये शोधला तर काही सापडणार नाही. आकडे पुन्हा वापरात आले तर त्याहून वाईट, भलतंच टेबल सापडेल. रोजकीर्दीतलं जुनं नाव आजच्या खातेदारांच्या यादीवरून वाचण्यासारखं आहे हे. ज्याला नाव हवंच आहे त्याच्यासाठी पीजी-फाइलनोड-रिलेशन हे फंक्शन आहे. ते आजचं उत्तर देतं आणि तेवढंच देण्याचा दावा करतं.

एवढं सगळं रिव्ह्यूच्या उत्तरात लिहा, आणि त्याचं एक वाक्य कोडमधल्या कॉमेंटमध्येही ठेवा. हाच प्रश्न दोन वर्षांनी दुसरा कुणीतरी विचारणार आहे.

'लॉगचा शेवट आणि बिघडलेला लॉग यांत तुमचं साधन फरक करतं का?' या मुद्द्यावर मी पुरता अडकलो आहे.

अडकणं साहजिक आहे. या विषयातला सर्वात अवघड प्रश्न हाच.

वॉलच्या शेवटी 'इथे संपलं' अशी खूण नसते. वाचणारा पुढच्या जागी रेकॉर्ड शोधतो. रेकॉर्डचं शीर्षक २४ बाइटचं असतं. तिथे शून्यं सापडली तर वॉलडम्प सांगतं की रेकॉर्डची लांबी अवैध आहे, किमान २४ हवी होती, मिळाली ०. पहिल्यांदा हा संदेश पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा तो नुसता शेवट असतो.

पण शेवटानंतर नेहमी शून्यंच असतील असंही नाही. पोस्टग्रेस जुन्या सेगमेंट फाइली (वॉलच्या त्या १६ एमबीच्या फाइली) टाकून देण्याऐवजी नाव बदलून पुन्हा वापरतो. त्यामुळे नव्या नोंदींच्या पुढे जुन्या काळातले बाइट तसेच पडलेले असू शकतात, आणि ते दिसायला धडधाकट रेकॉर्डसारखे असतात. म्हणून वाचणारा तीन ठिकाणी खात्री करतो : पानाच्या शीर्षकातला पत्ता जागेशी जुळतो का, रेकॉर्डमधला 'मागचा एलएसएन' (एलएसएन म्हणजे वॉलमधल्या जागेचा पत्ता) खरोखर मागच्या रेकॉर्डकडे बोट दाखवतो का, आणि सीआरसी, म्हणजे बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळतो का. यातलं काहीही फसलं की तो थांबतो. ते फसणं शेवटामुळे की बिघाडामुळे, हे त्या एका जागेवरून कळत नाही.

म्हणून या मुद्द्याला 'हो, फरक करतो' असं उत्तर देऊ नका. खरं उत्तर असं : साधन कुठे थांबलं आणि का थांबलं ते सांगतं, निदान करत नाही. चालू सर्व्हरवर फ्लश झालेल्या, म्हणजे वॉल डिस्कवर जिथवर पक्कं झालं त्या, जागेशी तुलना करता येते. त्या जागेच्या अलीकडेच वाचन थांबलं असेल तर काळजीचं कारण आहे. स्टँडबायवर (मुख्य सर्व्हरचं, म्हणजे प्रायमरीचं, वॉल घेऊन चालणाऱ्या प्रतीवर) तीच तुलना रिप्ले झालेल्या, म्हणजे वॉल जिथवर लागू केलं त्या, जागेशी करावी लागते. हे कोडमध्ये विसरलं तर प्रायमरीवर सगळं सुरळीत दिसतं आणि स्टँडबायवर साधन चुकतं. आपण घरच्या लॅपटॉपवर स्टँडबाय उभा करत नाही, पण रिव्ह्यूअर करतो.

तुमच्या पॅचमध्ये 'करप्ट' असा शब्द एखाद्या संदेशात असेल तर तो काढा. रात्री दोन वाजता तो वाचणारा माणूस बॅकअप परत आणायला घेईल.

एंड एलएसएन भविष्यातला दिला तर एरर द्यावी की नाही? दोन रिव्ह्यूअर दोन टोकांना आहेत.

या वादाचा निकाल प्रकल्पाने एकदा लावला आहे. १५ व्या आवृत्तीत पीजी-वॉलइन्स्पेक्टची रेंज घेणारी फंक्शनं भविष्यातला शेवट नाकारायची, आणि 'जिथवर वॉल आहे तिथवर' असं सांगायला दोन वेगळी फंक्शनं होती. वापरात ती जोडी डोईजड झाली. १६ व्या आवृत्तीसोबत एक्स्टेन्शनची १.१ आली. तिने ती दोन फंक्शनं काढली आणि भविष्यातला शेवट निमूट स्वीकारला. आज शेवटपर्यंत वाचायचं असेल तर एलएसएनची कमाल किंमत द्यायची, असं डॉक्युमेंटेशनच सुचवतं.

माझं मत नंतरच्या निर्णयाच्या बाजूचं आहे. सुरुवातीची जागा चुकीची असेल तर जरूर एरर द्या, कारण तिथे माणसाचा गैरसमज झालेला असतो. शेवटच्या जागेबाबत त्याचा हेतू स्पष्ट असतो : असेल तेवढं दाखव. रिव्ह्यूअरांत मतभेद असेल तर हा दाखला द्या, तुमची निवड सांगा आणि कारण एका परिच्छेदात मांडा. निर्णय कमिटर, म्हणजे कोडमध्ये बदल टाकण्याचा अधिकार असलेला माणूस, घेईल. दोघांना खूश करायला पर्याय म्हणून एक नवं पॅरामीटर वाढवणं हा मात्र सर्वात वाईट मार्ग. तो पॅरामीटर कायमचा सांभाळावा लागतो.

ही फंक्शनं सगळ्यांना वापरू दिली तर काय बिघडतं? नुसतं वाचायचंच तर आहे.

वॉलमध्ये प्रत्यक्ष डेटा असतो. चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की त्या ८ केबीच्या पानाची पूर्ण प्रत वॉलमध्ये जाते, आणि १६ व्या आवृत्तीपासून ब्लॉकची माहिती देणारं फंक्शन ते बाइट जसेच्या तसे हाती देतं. ज्याला पगाराचं टेबल वाचायची मुभा नाही, तो वॉलमधून ते वाचू शकेल. म्हणून डीफॉल्ट परवानगी फक्त सुपरयूजर आणि पीजी-रीड-सर्व्हर-फाइल्स या भूमिकेच्या सदस्यांना आहे. तुमचं नवं फंक्शन 'निरुपद्रवी' असलं तरी एक्स्टेन्शनच्या स्क्रिप्टमध्ये परवानगी काढून घेणारी ओळ विसरू नका. विसरलात तर रिव्ह्यूचा पहिला मुद्दा तोच असेल.

टेस्ट माझ्याकडे पास होते, इतरांकडे फेल. असं का?

वॉलच्या टेस्टमध्ये हे नेहमी घडतं. एलएसएन, रेकॉर्डची संख्या, लांबी हे सगळं प्रत्येक मशीनवर आणि प्रत्येक वेळी वेगळं येतं. मागे ऑटोव्हॅक्यूम (टेबलांची आपोआप चालणारी साफसफाई) किंवा चेकपॉइंट चालू असेल तर तुम्ही न केलेली रेकॉर्डही त्यात येतात. म्हणून अपेक्षित निकालाच्या फाइलमध्ये आकडे ठेवायचे नाहीत. 'किमान एक रेकॉर्ड मिळालं का' असा हो-नाहीचा प्रश्न विचारायचा. पीजी-वॉलइन्स्पेक्टच्या स्वतःच्या टेस्ट अशाच आहेत.

दुसरा सापळा असा की टेस्ट चालू असताना चेकपॉइंट झाला तर तुम्ही वाचायला घेतलेला सेगमेंटच काढला जाऊ शकतो. त्याच टेस्टमध्ये यासाठी सुरुवातीला एक फिजिकल रिप्लिकेशन स्लॉट तयार केला आहे, म्हणजे लागणारं वॉल जागेवर राहतं. 'टेस्ट कधीकधी फेल होते' या मुद्द्याला 'माझ्याकडे पुन्हा झाली नाही' हे उत्तर नव्हे. चेकपॉइंट मुद्दाम मधे घालून ती पाडा, कारण शोधा आणि मग लिहा.

एरर मेसेजवर इतका कीस का काढतात?

कारण तो मेसेज अनेक भाषांत अनुवादित होतो आणि लोक तो जसाच्या तसा शोधतात. मुख्य संदेश लहान अक्षराने सुरू, शेवटी पूर्णविराम नाही. तपशील आणि सूचना मात्र पूर्ण वाक्यांत. वाक्याचे तुकडे जोडून संदेश बनवायचा नाही, कारण दुसऱ्या भाषेत शब्दक्रम वेगळा असतो. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, आपलं क्रियापद शेवटी येतं. नियम डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेले आहेत. एकदा वाचून काढले की हे मुद्दे पुन्हा येत नाहीत.

रिव्ह्यूअर चुकतोय असं मला वाटतं. तसं सांगू का?

सांगा, पण आधी त्याचं म्हणणं स्वतः करून पाहा. अर्ध्याहून अधिक वेळा मला तिथेच माझी चूक सापडली आहे. तरीही तुमचंच बरोबर निघालं तर काय चालवलं आणि काय दिसलं ते लिहा. आणि एक पाहा : अनुभवी माणसाने तुमचा कोड चुकीचा वाचला असेल, तर कोड तसा वाचला जाऊ शकतो. कॉमेंट किंवा व्हेरिएबलचं नाव सुधारा आणि उत्तरात तसं सांगा.

माझं इंग्रजी साधं आहे. उत्तर लिहायला भीती वाटते.

ही भीती मला चांगली ठाऊक आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपल्याकडे वरिष्ठांना लिहायचं म्हणजे आधी नमस्कार, मग आभार, मग क्षमा, आणि कामाचं वाक्य शेवटी, अशी सवय असते. इथे, म्हणजे पॅचची चर्चा जिथे होते त्या मेलिंग लिस्टवर, पहिल्या नावाने लिहितात, 'सर' लागत नाही. रिव्ह्यूसाठी एकदा आभार माना, ते मनापासून असू देत, आणि थेट मुद्द्यावर या. रिव्ह्यूअरचं वाक्य वर ठेवून त्याच्या खाली तुमचं उत्तर, असा क्रम ठेवा. अख्खं पत्र खाली तसंच सोडून वर दोन ओळी लिहिण्याची ऑफिसातली पद्धत इथे चालत नाही.

वाक्यं छोटी ठेवा. 'ही अट आता लूपच्या बाहेर नेली आहे' एवढं पुरतं. व्याकरण चुकलं म्हणून पॅच परत आलेला मी पाहिलेला नाही. उत्तर संदिग्ध आहे म्हणून मात्र महिनोन्महिने अडकलेले पॅच पाहिले आहेत. 'बघतो', 'करू या' ही आपली शब्दांची ढाल तिथे गोंधळ उडवते. करणार नसाल तर 'या पॅचमध्ये करत नाही, कारण...' असं लिहा. ते उद्धट ठरत नाही.

नवी आवृत्ती पाठवताना काय पाहू?

क्रमांक वाढवा : व्ही२, व्ही३. आजच्या मास्टर ब्रांचवर रिबेस करा, म्हणजे तुमचे बदल ताज्या कोडवर पुन्हा चढवा. सगळा टेस्ट संच चालवा, फक्त तुमच्या डिरेक्टरीतला नव्हे. पॅच मोठा असेल तर रचना बदलणारा भाग एका कमिटमध्ये आणि नवी सोय दुसऱ्यात ठेवा. एक्स्टेन्शनमध्ये फंक्शन वाढवत असाल तर आधी प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीची स्क्रिप्ट बदलू नका, अपग्रेडची नवी स्क्रिप्ट लिहा. कॅटलॉगचा आवृत्ती क्रमांक कमिटर वाढवतो, तुम्ही हात लावू नका. कमिटच्या मजकुरात रिव्ह्यू करणाऱ्यांची नावं लिहा.

मग कमिटफेस्टच्या, म्हणजे पॅच तपासण्याच्या ठरलेल्या फेरीच्या, नोंदीत स्थिती 'लेखकाच्या प्रतीक्षेत' वरून 'रिव्ह्यू हवा' अशी स्वतः बदला. हे राहून गेलं तर सगळे तुमची वाट पाहतात आणि तुम्ही त्यांची.

पंधरा दिवस झाले, कुणीच काही बोलत नाही.

कमिटफेस्ट जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च अशा महिन्यांत होतात. मधल्या काळात शांतता असणं नेहमीचं आहे, आणि एप्रिलच्या फीचर फ्रीझच्या (त्यानंतर नव्या सोयी घेणं थांबतं) आसपास तर कुणालाच सवड नसते. एकदा हळूच आठवण करून द्या. त्याहून चांगलं म्हणजे या काळात दुसऱ्याचा पॅच तपासा. एक पॅच द्यायचा तर साधारण तेवढ्याच तोलाचा दुसऱ्याचा एक तपासायचा, अशी अपेक्षा इथे लेखी आहे. आपण रिव्ह्यू लिहिला की समोरून कसलं उत्तर हवं असतं ते आपोआप कळतं.

कमिट झालं. आता माझं काम संपलं ना?

अजून थोडं उरलं आहे. कमिटनंतर बिल्डफार्मवरची नाना तऱ्हेची यंत्रं तो कोड बांधतात : ३२ बिटांची, उलट्या बाइटक्रमाची, जुन्या कंपायलरची. पहिले दोन दिवस निकालांवर लक्ष ठेवा. लाल दिसलं तर कमिटरने विचारायच्या आत तुम्ही लिहा.

पुढच्या तक्रारी वापरातून येतात. पीजी-वॉलइन्स्पेक्टच्या पहिल्या रूपात मोठी रेंज दिली की मेमरी वाढत जायची, कारण प्रत्येक रेकॉर्डसाठी घेतलेली जागा फंक्शन संपेपर्यंत सोडली जात नव्हती. नंतर तात्पुरता मेमरी कॉन्टेक्स्ट, म्हणजे एकदम मोकळी करता येणारी जागा, घालून ते दुरुस्त केलं गेलं. इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या कोडमध्येही हे राहिलं होतं, कारण टेस्टमधली रेंज पाच-पन्नास रेकॉर्डची असते आणि अडचणीत सापडलेला माणूस कित्येक जीबी वॉल एका दमात मागतो. तुमच्या फंक्शनवर पुढचा रिव्ह्यू यायच्या आत हे एकदा करून पाहा : पीजी-बेंच (डेटाबेसवर भार टाकणारं साधन) तासभर चालवा, मग सगळी रेंज एकदम मागा आणि दुसऱ्या खिडकीत त्या प्रोसेसची मेमरी पाहत बसा. जो आकडा दिसेल तो उत्तरात लिहा.